जनुक पोचलं, टिकलं नाही

१ मे १९८१ रोजी जालना जिल्हा औरंगाबादपासून वेगळा झाला. पुढच्या वर्षी रक्त गोठवणाऱ्या फॅक्टर नऊचं जनुक शास्त्रज्ञांच्या हाती लागलं आणि १९८४ मध्ये फॅक्टर आठचं. या गोष्टींचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही. पण मंठ्यात किंवा घनसावंगीत हिमोफिलियाचं पोर जन्माला आलं, की प्रयोगशाळा कुठवर गेली आणि जिल्हा कुठवर आला, हे दोन्ही हिशेब त्याच्या वाट्याला येतात.

साधारण पाच हजार मुलग्यांमागे एकाला फॅक्टर आठची कमतरता, म्हणजे हिमोफिलिया ए असतो. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्यात पुरुष दहा लाखांहून थोडे जास्त होते; म्हणजे ढोबळ हिशेबाने असे दोनशेच्या आसपास रुग्ण इथे असायला हवेत. मूल रांगायला लागतं आणि एक दिवस गुडघा भरतो. मुरगळला असेल म्हणून घरचे तेल लावून चोळतात, विटेने शेकतात, आणि आतला रक्तस्राव आणखी वाढतो. इलाज एकच: बर्फ, विश्रांती आणि शिरेतून फॅक्टर. त्यातही फॅक्टर आठचं प्रमाण दर बारा तासांनी निम्मं होतं, म्हणून रक्तस्राव टाळायला तोच घ्यायचा तर साधारण आठवड्यातून तीनदा सुई. गंभीर रुग्णाच्या रक्तात हा फॅक्टर एक टक्क्याहून कमी असतो. तो पाच टक्क्यांवर गेला तरी आपोआप होणारे रक्तस्राव जवळपास थांबतात. एवढ्या थोड्यावर भागतं, म्हणूनच जनुकोपचाराचे संशोधक या आजाराकडे सुरुवातीपासून आशेने बघत आले.

पेशीत परकं जनुक घालायचं ही कल्पना जालन्याला समजावून सांगावी लागत नाही. बद्रीनारायण बारवाल्यांनी १९६४ मध्ये इथेच महिको ही बियाणे कंपनी काढली आणि २००२ मध्ये बीटी कापूस शेतात आला. कपाशीत ते जनुक नेलं मातीतल्या एका जिवाणूने. माणसात हे हमालीचं काम बहुतेक वेळा विषाणूकडे दिलं जातं, कारण पेशीत शिरणं हा त्याचा धंदाच. पण सप्टेंबर १९९९ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या एका चाचणीत अठरा वर्षांचा जेसी गेल्सिंगर विषाणूवाहकाच्या प्रतिक्रियेने दगावला आणि सगळं क्षेत्र हादरलं. त्यात फॅक्टर आठचं जनुक अवाढव्य. मधला अनावश्यक तुकडा छाटूनही ते आज प्रचलित असलेल्या एएव्ही विषाणूत जेमतेम मावतं. विषाणूशिवाय जमेल का, हा प्रश्न हौसेचा नव्हता.

त्याचं पहिलं ठोस उत्तर बॉस्टनमधून आलं. सहा रुग्णांच्या दंडाच्या त्वचेचा लहानसा तुकडा घेतला. त्यातल्या पेशी वाढवून त्यांत फॅक्टर आठचं जनुक असलेलं डीएनएचं कडं घुसवलं, विषाणू अजिबात न वापरता. फॅक्टर तयार करणाऱ्या पेशी निवडून वाढवल्या आणि दुर्बिणीने पोटात, आतड्यांपुढच्या चरबीच्या पडद्यात टोचल्या. जून २००१ मध्ये निष्कर्ष छापून आले. कुणालाही गंभीर त्रास झाला नाही, सहापैकी चौघांत फॅक्टरची पातळी वाढली, रक्तस्राव किंवा बाहेरून द्यावा लागणारा फॅक्टर कमी झाला. सर्वांत चांगला प्रतिसाद देणाऱ्या रुग्णातही हा फरक सुमारे दहा महिनेच टिकला. माझ्या मते पुढच्या वीस वर्षांची गोष्ट याच एका प्रयोगात सांगून झाली होती.

दरम्यान दुसरी वाट उघडली ती उड्या मारणाऱ्या जनुकांची. १९९७ मध्ये माशांच्या डीएनएत लाखो वर्षं निपचित पडलेला असा एक घटक शास्त्रज्ञांनी पुन्हा कामाला लावला आणि त्याला नाव दिलं ‘स्लीपिंग ब्यूटी’. २००० मध्ये त्याच्या मदतीने हिमोफिलिया बी, म्हणजे फॅक्टर नऊची कमतरता, असलेल्या उंदरांत तो फॅक्टर तयार करून दाखवला. त्याचाच भाऊबंद ‘पिगीबॅक’ सापडला कोबीवरच्या एका अळीच्या पतंगात. हा पतंग आपल्या कपाशीवरच्या हिरव्या बोंडअळीच्याच कुळातला. बोंडअळीचे फवारे मारून पिचलेल्या शेतकऱ्याला हे सांगितलं तर तो हसेल, पण खरं आहे. पोसायडा या अमेरिकन कंपनीने पिगीबॅक आणि चरबीचे अतिसूक्ष्म कण यांच्या जोडीवर फॅक्टर आठचा उपचार बेतला. प्राण्यांपुढे मात्र ही वाट अजून रुळलेली नाही.

२०२० मध्ये सिगिलॉन कंपनीने वेगळाच डाव टाकला. फॅक्टर आठ बनवणाऱ्या पेशी बारीक गोळ्यांत बंद करून पोटात सोडायच्या, म्हणजे शरीराची संरक्षण यंत्रणा त्यांच्यापर्यंत पोचणार नाही. जुलै २०२१ मध्ये तिसऱ्या रुग्णात इनहिबिटर, म्हणजे फॅक्टरलाच निकामी करणारी प्रतिपिंडं, निघाली आणि चाचणी थांबली. गोळ्या बाहेर काढल्या तेव्हा त्यांच्याभोवती तंतुमय आवरण चढलेलं होतं आणि आतल्या पेशी मेलेल्या.

बाजारात पोचले ते विषाणूवालेच. २०२२ मध्ये युरोपने फॅक्टर आठचा आणि अमेरिकेने फॅक्टर नऊचा उपचार मंजूर केला. दुसऱ्याची किंमत तेव्हा ३५ लाख डॉलर होती. लहान मुलांना असा उपचार देता येत नाही, एकदा दिला की शरीरात त्या विषाणूविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात आणि पुन्हा देता येत नाही. फायझरने तर आपला मंजूर झालेला उपचार २०२५ मध्ये, फारसे गिऱ्हाईक नाही म्हणून, गुंडाळला. आपल्याकडे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने डिसेंबर २०२४ मध्ये पाच रुग्णांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. रुग्णाच्याच रक्तमूळपेशींत लेन्टीविषाणूने जनुक घातलं आणि पाचही जणांचे रक्तस्राव थांबले. मोठं यश आहे, पण त्याआधी केमोथेरपी सोसावी लागते. लहान वयात देता येईल, गरज पडली तर पुन्हा देता येईल आणि स्वस्त होऊ शकेल असा उपचार विषाणूशिवायच निघण्याची शक्यता मला जास्त वाटते. कोविडच्या एमआरएनए लशींनी चरबीचे कण कोट्यवधी लोकांना टोचता येतात हे दाखवलंच आहे. जनुक टिकवायचं कसं, एवढंच अडलंय, आणि ते २००१ पासून अडलंय.

तोवर जिल्ह्याचा हिशेब. राज्यात हिमोफिलियाची डे-केअर केंद्रं सुरू झाली ती नाशिक, अमरावती, सातारा, ठाणे इथे. त्या पहिल्या यादीत मराठवाडा नव्हता. २०१६ च्या कायद्याने हिमोफिलियाला दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत जागा दिली. ऑक्टोबर २०२४ मध्ये जालन्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं उद्घाटन झालं. आता फॅक्टरची कुपी आणि ती टोचणारा हात रात्री-बेरात्रीही जिल्ह्यातच मिळायला हवा, ही मागणी कुठल्याही जनुकोपचाराआधीची आहे.

आणि वाचकहो, मुलग्याचा सांधा कारणाशिवाय सुजला, किंवा दात पडल्यावर रक्त तासन्‌तास थांबेना, तर चोळू नका. पीटी आणि एपीटीटी या दोन साध्या तपासण्या करून घ्या. पहिली ठीक आणि दुसरी लांबलेली आली, तर फॅक्टरच्या तपासणीचा आग्रह धरा. घराण्यात कुणाला नव्हतं म्हणून निर्धास्त राहू नका. सुमारे एक तृतीयांश रुग्णांच्या घरी आधी कुणालाच हा आजार नसतो.