नव्या लॅपटॉपला आपल्या पसंतीचा कारभारी

नवा लॅपटॉप खोक्यातून निघतो तेव्हा घर तयार असतं आणि कारभारीही आधीच गादीवर बसलेला असतो. कंपनीने नेमलेला, म्हणजे आयती ऑपरेटिंग सिस्टिम. चाव्या त्याच्याकडे, नियम त्याचे. बहुतेक जण त्याच्याशी जुळवून घेतात. पण हा कारभारी बदलता येतो. तोही फुकटात, एका पेन ड्राइव्हने आणि साधारण अर्ध्या तासात! त्याच्या जागी येतं लिनक्स, ज्याचा सोर्स कोड कुणीही वाचावा, बदलावा, पुढे वाटावा. या बदलाबदलीभोवती जमलेल्या भन्नाट गोष्टींची ही पोतडी. वाचता वाचता कामाच्या चार युक्त्याही हाती लागतील.

लिनक्सचा जन्मच या खटपटीतून

जानेवारी १९९१, हेलसिंकी. लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने नवाकोरा पीसी घेतला. ३८६ प्रोसेसर, ४ एमबी मेमरी. थोडे पैसे रोख, बाकीचे हप्त्यांनी. सोबत डॉस ही सिस्टिम आली होती. त्याला मात्र हवं होतं मिनिक्स, म्हणजे प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबाम यांनी विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी लिहिलेली सिस्टिम. मागणी नोंदवली, तर मिनिक्सच्या १६ फ्लॉपी फिनलंडला पोचायला महिन्याहून जास्त वेळ लागला. तोवर पठ्ठ्या डॉसवर ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ खेळत बसला!

मिनिक्स बसवलं, पण त्यातून विद्यापीठाच्या संगणकाशी जोडणी मनासारखी होईना. म्हणून त्याने स्वतःचा प्रोग्रॅम लिहायला घेतला. उतरवून घेतलेल्या फाइली डिस्कवर ठेवता याव्यात म्हणून त्याला आणखी एक भाग जोडला, मग आणखी एक. २५ ऑगस्टला त्याने जगाला कळवलं, की छंद म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहितोय. नव्या मशीनवरची आयती सिस्टिम बदलायला निघालेल्या पोराच्या हातून लिनक्स घडलं ते असं.

बारसं केलं मित्राने

लिनसने मनात ठरवलेलं नाव होतं ‘फ्रीक्स’. स्वतःचं नाव सिस्टिमला देणं त्याला फार मिरवल्यासारखं वाटत होतं. पण सर्व्हर सांभाळणाऱ्या आरी लेम्के यांना ‘फ्रीक्स’ मुळीच आवडलं नाही. त्यांनी फाइली ठेवायला जे फोल्डर उघडलं, त्याचं नाव सरळ ‘लिनक्स’ ठेवलं. तेच कायम झालं.

चावरा पेंग्विन

लिनक्सचा गुबगुबीत पेंग्विन ‘टक्स’ १९९६ मध्ये लॅरी युइंग यांनी काढला, आणि तोही ‘गिम्प’ या मुक्त सॉफ्टवेअरमध्येच. पेंग्विनच का? ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या प्राणिसंग्रहालयात एका बुटक्या पेंग्विनने लिनसच्या बोटाला चोच मारली होती, असं तो सांगतो. तेव्हापासून हा पक्षी त्याचा लाडका.

खेळण्यांची पलटण आणि अंतराळवीर

लिनक्स म्हणजे मुळात नुसता गाभा, म्हणजे कर्नल. त्याभोवती डेस्कटॉप, ब्राउझर, ऑफिस असा सगळा संसार मांडून जी तयार सिस्टिम मिळते, तिला म्हणतात ‘डिस्ट्रो’. त्यातलं एक जुनंजाणतं नाव डेबियन. १९९३ मध्ये इयन मरडॉक यांनी ते सुरू केलं आणि मैत्रीण डेब्राचं नाव आपल्या नावाला जोडून ‘डेब-इयन’ असं बारसं केलं. डेबियनच्या आवृत्त्यांना ‘टॉय स्टोरी’ चित्रपटातल्या पात्रांची नावं मिळतात: बझ, वुडी, जेसी, बुल्सआय, बुकवर्म. आणि कायम अस्थिर असणाऱ्या, प्रयोगांसाठीच्या शाखेचं नाव? सिड! चित्रपटात खेळणी मोडणारा शेजारचा द्वाड मुलगा.

डेबियनच्याच खांद्यावर उभं आहे उबुंटू. ते सुरू करणारे दक्षिण आफ्रिकेचे मार्क शटलवर्थ २००२ मध्ये स्वखर्चाने अंतराळात जाऊन आले होते. उबुंटूच्या आवृत्तीचा आकडा म्हणजे तिची जन्मतारीख: २४.०४ म्हणजे एप्रिल २०२४, तर पहिली ४.१० म्हणजे ऑक्टोबर २००४. त्या पहिलीचं टोपणनाव होतं ‘वॉर्टी वॉर्टहॉग’, म्हणजे चामखिळींचा रानडुक्कर. २०११ पर्यंत उबुंटूच्या सीडी मागेल त्याच्या घरी टपालाने फुकट यायच्या. आपल्याकडे इंटरनेट मुंगीच्या पावलांनी चालायचं, त्या काळात ही केवढी मोठी सोय!

आधी चव, मग ताट

आवडेल का, जमेल का, अशी शंका असेल तर काहीही न बसवता लिनक्स वापरून बघता येतं. पेन ड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू करायचा आणि ‘ट्राय’ निवडायचं. सगळी सिस्टिम मेमरीत चालते, आतल्या डिस्कला हातही लागत नाही. ही युक्ती घराघरांत नेण्यात मोठा वाटा जर्मनीच्या क्लाउस क्नॉपर यांचा. त्यांच्या ‘क्नॉपिक्स’ने २००० साली एका सीडीत अख्खा डेस्कटॉप बसवून दाखवला.

हीच वेळ नीट तपासणीची. वायफाय लागतं का, स्पीकर वाजतो का, कॅमेरा दिसतो का, टचपॅड दोन बोटांनी सरकतं का, झाकण मिटून उघडल्यावर लॅपटॉप जागा होतो का. पाचही गोष्टी जमल्या की समजा सोयरीक जुळली.

६४ अक्षरांचा ठसा

पेन ड्राइव्हवर घालण्यासाठी उतरवलेली डिस्ट्रोची फाइल अस्सल आहे हे कसं कळणार? प्रत्येक डिस्ट्रो आपल्या फाइलीचा एक ठसा जाहीर करते: आकडे आणि अक्षरं मिळून ६४ चिन्हं. आपल्या संगणकावर ‘एसएचए-२५६’ आज्ञेने तोच ठसा काढायचा आणि दोन्ही ताडून बघायचे. सुमारे ६ जीबींच्या फाइलीत एक बिट जरी बदललं, तरी सगळा ठसाच वेगळा येतो. ही दोन मिनिटं कधीच वाया जात नाहीत.

टक-टक-टक-टक

आता खरी कसोटी. पॉवरचं बटण दाबल्यापासून कंपनीचं बोधचिन्ह मावळेपर्यंत जेमतेम दोन-तीन सेकंद मिळतात. लॅपटॉप पेन ड्राइव्हवरून सुरू व्हायचा, तर तेवढ्यात योग्य बटण लागलं पाहिजे. डेल आणि लेनोव्होवर बहुधा ‘एफ १२’, एचपीवर ‘एस्केप’ किंवा ‘एफ ९’. एकदाच दाबून थांबलात तर क्षण हुकतो आणि जुनी सिस्टिम सुरू होते. म्हणून जाणकार मंडळी पॉवर दाबल्या क्षणापासून त्या बटणावर टक-टक-टक-टक ताल धरतात. लेनोव्होच्या काही मॉडेलांत बाजूला सुईच्या टोकाएवढं भोक असतं. लॅपटॉप बंद असताना त्यात टाचणी टोचली की थेट बूटची यादी समोर! मग यादीत आपल्या पेन ड्राइव्हचं नाव दिसतं, आणि पहिल्यांदा करणाऱ्याच्या पोटात तेव्हा हमखास गोळा येतो.

दारावरचा पहारेकरी

नव्या लॅपटॉपमध्ये ‘सिक्युअर बूट’ नावाचा पहारेकरी असतो. अधिकृत सहीचा पास असल्याशिवाय तो कुणालाही आत सोडत नाही. २०१२ मध्ये विंडोज ८ सोबत तो घरोघरी पोचला आणि लिनक्सवाल्यांना धडकी भरली. मॅथ्यू गॅरेट यांच्यासारख्या प्रोग्रॅमरांनी तोड काढली ती ‘शिम’ या चिमुकल्या प्रोग्रॅमने. पहारेकरी शिमचा पास बघतो, शिम पुढे लिनक्सचा पास बघतं. गंमत म्हणजे शिमच्या पासावर सही असते मायक्रोसॉफ्टची! त्यामुळे उबुंटू, फेडोरा, डेबियन या डिस्ट्रोंसाठी आज पहारेकऱ्याला रजेवर पाठवावं लागत नाही.

४८ आकडी किल्ली

अनेक नव्या लॅपटॉपवर विंडोजची डिस्क ‘बिटलॉकर’च्या कुलपात असते, आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. बूटच्या सेटिंगला हात लावला की पुढच्या वेळी निळा पडदा ४८ आकडी किल्ली मागतो. विंडोज सोबत ठेवायचं असेल, तर कशालाही हात लावण्याआधी ती किल्ली आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यातून कागदावर उतरवून घ्या. आठ मिनिटांचं काम, पण आठ दिवसांचा मनस्ताप वाचतो.

लिनसनेही पुसली होती डिस्क

बसवताना सर्वांत मोठी भीती एकच: चुकीची डिस्क पुसली गेली तर? ही चूक खुद्द लिनसच्या हातून झाली आहे. १९९१ च्या अखेरीस त्याला मोडेमला आज्ञा देऊन विद्यापीठाला फोन लावायचा होता. मोडेमच्या जागी त्याने हार्ड डिस्कचं नाव दिलं. फोन लावण्याची आज्ञा डिस्कवरच लिहिली गेली आणि मिनिक्सचा महत्त्वाचा भाग उडाला. मिनिक्स पुन्हा बसवण्याऐवजी त्याने ठरवलं, आता आपलंच लिनक्स वापरायचं. त्याचं भलं झालं. आपण मात्र फोटो, कागदपत्रं आणि हिशेब आधी बाहेरच्या डिस्कवर उतरवून ठेवावेत आणि ‘इन्स्टॉल’ दाबण्यापूर्वी डिस्कचं नाव आणि आकार दोनदा मोठ्याने वाचावा.

घड्याळ साडेपाच तास मागे!

विंडोज आणि लिनक्स एकाच लॅपटॉपवर नांदवलं की दुसऱ्याच दिवशी हमखास प्रश्न येतो: विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे कसं? उत्तर सुंदर आहे. लिनक्स लॅपटॉपच्या आतल्या घड्याळात जागतिक वेळ लावतं आणि दाखवताना आपले साडेपाच तास मिळवतं. विंडोज त्याच घड्याळाला स्थानिक वेळ समजतं. म्हणून पुण्यात सकाळचे दहा वाजले असताना विंडोज म्हणतं साडेचार. लिनक्समध्ये एकाच आज्ञेने दोघांचं एकमत करता येतं.

विंडोजच्या बटणाचं खरं नाव

कीबोर्डवर खिडकीचं चित्र असलेल्या बटणाला लिनक्समध्ये म्हणतात ‘सुपर’. हे नाव आलं अमेरिकेतल्या एमआयटीच्या ‘स्पेस कॅडेट’ या १९७० च्या दशकातल्या अजस्र कीबोर्डवरून. त्यावर शिफ्ट-कंट्रोलच्या जोडीला मेटा, सुपर आणि हायपर अशी बटणं होती.

जुना कारभारी परत येऊ शकतो

विंडोज पुसलं म्हणजे पैसे बुडाले, ही भीती सोडून द्या. विंडोज ८ पासून लॅपटॉपसोबत येणाऱ्या विंडोजचा परवाना मदरबोर्डवरच्या चिपमध्ये कोरलेला असतो. डिस्क पूर्ण पुसली तरी तो तिथेच राहतो. उद्या मन बदललं, तर तीच आवृत्ती पुन्हा बसवताना परवाना आपोआप ओळखला जातो.

‘नको असलेल्याचे पैसे परत द्या’

१५ फेब्रुवारी १९९९. कॅलिफोर्नियात लिनक्सप्रेमींनी न वापरलेल्या विंडोजचे पैसे परत मागायला मायक्रोसॉफ्टच्या फॉस्टर सिटीतल्या कचेरीवर मोर्चा नेला. पुढे इटलीत एका ग्राहकाने नव्या लॅपटॉपवरच्या विंडोजचे ४२ युरो मागितले. निकाल विरोधात गेल्यावर उत्पादक कंपनी वरच्या न्यायालयात गेली. मोंझा इथल्या न्यायालयाने त्या ४२ युरोंच्या प्रकरणात कंपनीला २० हजार युरोंची भरपाई द्यायला लावली! त्यातले १५ हजार त्या ग्राहकाने मुक्त सॉफ्टवेअरच्या कामाला देऊन टाकले.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर याला सोपा पर्याय मिळतो: ‘डॉसवाला’ लॅपटॉप. विंडोजचा खर्च नसल्याने स्वस्त. आत असतं फ्रीडॉस, जे जिम हॉल यांनी विद्यार्थी असताना १९९४ मध्ये सुरू केलं.

आचार्य आणि आचारी

आता आपल्या घरची गोष्ट. ‘आचार्यांना’ बोलवा आणि ‘आचाऱ्यांना’ बोलवा, यातला फरक कळला नाही तर मांडवात गोंधळच! लिनक्समध्ये मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड आयता मिळतो. ‘जे’च्या बटणावर र आहे, शिफ्ट धरून तेच दाबलं की नुक्त्याचा ऱ. मग ‘डी’वरचं हलन्त, मग तिरप्या रेघेवरचा य, आणि पडद्यावर उमटतो आपला खास ‘ऱ्य’. दर्या आणि दऱ्या, दोघांनाही न्याय.

हे आपोआप झालेलं नाही. कोड खुला होता म्हणून मराठी माणसांना त्यात मराठी घालता आली. डेबियनचा इन्स्टॉलर मराठीतून प्रश्न विचारतो. रेड हॅट या लिनक्स कंपनीच्या प्रकल्पातून ‘लोहित’ हे मुक्त फॉन्ट आले. लोहित म्हणजे लाल, नावातही ‘रेड’ जपलेला! मुंबईच्या ‘एक टाइप’चे मुक्ता आणि बलू हे फॉन्ट कुणीही फुकट वापरू शकतो. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेने डेबियनवर आधारित ‘बॉस’ लिनक्स भारतीय भाषांसाठी आणलं. आणि आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठीत ऐकायला मिळतात. कुणाच्या परवानगीची वाट न बघता आपली भाषा यंत्रात नेऊन बसवता येते, हे मला या सगळ्या खटाटोपाचं सर्वांत मोठं फळ वाटतं.

मंगळावर चाललं, मग टेबलावर का नाही?

नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीत ५०० च्या ५०० लिनक्सवर आहेत. तुमच्या अँड्रॉइड फोनचा गाभाही लिनक्सच. १९ एप्रिल २०२१ ला मंगळावर उडालेल्या ‘इन्जेन्युइटी’ या इवल्याशा हेलिकॉप्टरच्या पोटातही लिनक्स होतं. दुसऱ्या ग्रहावरचं ते पहिलं यांत्रिक उड्डाण!

येत्या रविवारी ८ जीबींचा एक पेन ड्राइव्ह शोधा. महत्त्वाच्या फाइलींची प्रत काढा, ठसा ताडून बघा आणि आधी नुसती चव घ्या. हेलसिंकीच्या त्या पोराला आपल्या नव्या मशीनवर आपल्या पसंतीची सिस्टिम आणायला १६ फ्लॉपींची महिनाभर वाट पाहावी लागली होती. आपल्याकडे ती दुपारचं जेवण आटपेपर्यंत उतरलेली असते.