कॉफीचे भाजणे अर्ध्यावर थांबले तर

भारतात कॉफीची लागवड मुख्यतः कर्नाटक, केरळ व तामिळनाडू या राज्यांतील डोंगराळ प्रदेशात होते. कच्ची बी कोरड्या जागी कित्येक महिने टिकते. भाजलेल्या बीचा सुगंध मात्र काही आठवड्यांतच उणावतो. म्हणून मळ्यांपासून फार दूर असलेल्या उत्तर प्रदेशातील गाझियाबादसारख्या शहरातही कोणी कच्ची बी मागवून ती घरीच भाजतात. कढई असो वा विजेचे लहान यंत्र, हे काम साधारणतः ८ ते १५ मिनिटांचे असते. एवढ्या अवधीत गॅसची टाकी संपली किंवा वीज गेली, तर काय करावे? बी टाकून द्यावी, की पुन्हा विस्तवावर ठेवावी?

याचे उत्तर भाजणे कोणत्या अवस्थेत थांबले यावर अवलंबून असते.

कच्च्या बीमध्ये वजनाच्या सुमारे १० ते १२ टक्के पाणी असते. आरंभीची उष्णता मुख्यतः हे पाणी घालविण्यात खर्च होते. सुमारे १५० अंश सेल्सियस तापमानाच्या आसपास हिरवट बी पिवळी दिसू लागते. त्यानंतर शर्करा व अमिनो आम्ले यांच्यात जी क्रिया वेगाने घडते तिला, १९१२ साली तिचे वर्णन करणाऱ्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामीय मायार यांचे नाव मिळाले आहे. पोळीवरील तांबूस डाग आणि भाजलेल्या रव्याचा खमंगपणा यांच्या मुळाशीही हीच क्रिया असते. पुढे बीच्या आत वाफ व कार्बन डायऑक्साइड यांचा दाब वाढतो आणि सुमारे १९५ ते २०५ अंशांच्या दरम्यान बी तडतडून फुगते. ही पहिली तडतड होय. भाजणे असेच चालू ठेवल्यास सुमारे २२५ अंशांजवळ दुसरी, अधिक बारीक तडतड ऐकू येते.

बी पिवळी होण्यापूर्वीच विस्तव विझला, तर हानी थोडी होते. ती थंड करून पुन्हा भाजता येते. काही जण तर आम्लता कमी करण्यासाठी बुद्ध्याच अशा रीतीने दोनदा भाजतात. मात्र दुसऱ्या वेळी बीमध्ये पाणी कमी असल्याने ती लवकर तापते. म्हणून आच बेताची ठेवावी लागते.

पहिली तडतड संपल्यानंतर खंड पडल्यास बी पुन्हा तापवू नये. ती त्वरित थंड करावी. कॉफी फिक्या भाजणीची होईल, परंतु पिण्याजोगी असेल.

खरी अडचण या दोहोंमधील अवस्थेत येते. बी तपकिरी होऊ लागली आहे, परंतु तडतडलेली नाही, अशा वेळी उष्णता तुटली तर आतील भाग अपुरा भाजलेला राहतो आणि पेयास गवताची किंवा कच्च्या धान्याची चव येते. ती पुन्हा तापविली तर रंग येतो, तडतडही होते. परंतु चव बहुधा सपाट, पावासारखी लागते. सुगंधी द्रव्ये केवळ ठरावीक तापमान गाठल्याने निर्माण होत नाहीत. ते तापमान किती वेगाने गाठले, यालाही तितकेच महत्त्व असते. मंद उष्णतेत शर्करा व आम्ले हळूहळू खर्ची पडतात आणि अपेक्षित सुगंध उत्पन्न होत नाही. यास्तव खंड एखाद्या मिनिटाचाच असेल व बी अजून चांगली तापलेली असेल, तरच भाजणे पुढे चालू ठेवावे.

विस्तव विझला म्हणजे भाजणे थांबले, असे मात्र समजू नये. गॅस बंद केल्यावरही लोखंडी कढईत राहिलेले शेंगदाणे काळवंडतात, हे प्रत्येक गृहिणीस ठाऊक असते. जाड धातूत साठलेली उष्णता बीला मिळतच राहते. म्हणून भाजणे संपवावयाचे ठरल्यास बी तत्काळ कढईतून काढून पोलादी चाळणीत किंवा परातीत पसरावी व हलवीत राहावी. गाझियाबादच्या उन्हाळ्यात हवेचेच तापमान ४० अंशांवर जाते; तेव्हा थंड होण्यास हिवाळ्यापेक्षा अधिक वेळ लागतो आणि वीज नसल्यास पंखाही उपयोगी पडत नाही. अशा वेळी थर अगदी पातळ ठेवून पुठ्ठ्याने वारा घालावा.

विजेच्या यंत्रात वीज जाताच पंखा व फिरणारे भांडे दोन्ही थांबतात. एका जागी साचलेली तप्त बी करपू शकते. तिची सुटलेली पातळ साल तर सहज पेट घेते. प्रथम यंत्राची पिन काढावी, म्हणजे वीज परत आल्यावर ते आपोआप सुरू होणार नाही. नंतर जाड हातमोजे घालून, यंत्रासोबतच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे बी बाहेर काढावी. कढईत ज्वाळा दिसल्यास गॅस बंद करून घट्ट झाकण ठेवावे आणि ते लगेच उघडू नये. खिडक्या मात्र आरंभापासूनच उघड्या असाव्यात.

भाजण्यास बसताना घड्याळ व वही जवळ ठेवणे हितकारक होय. बी पिवळी केव्हा झाली व पहिली तडतड केव्हा ऐकू आली, याची नोंद असेल, तर खंड पडताच बी कोणत्या अवस्थेत आहे हे कळते आणि निर्णय क्षणात घेता येतो.