सॅन अँटोनिओचा 'सर' डग्लस

1965 साल. अमेरिकेच्या रेडिओवर बीटल्सची सद्दी चालू होती आणि इंग्लंडचा शिक्का असलेलं काहीही खपत होतं. ह्यूस्टनचा निर्माता ह्यूई मो याने टेक्ससमधल्या पोरांना केस वाढवायला लावले, सूट चढवले आणि बँडचं बारसं केलं: 'सर डग्लस क्विंटेट'. त्यांच्यातले काही तर मेक्सिकन वंशाचे होते. तरीही सोंग वठलं. 'शीज अबाउट अ मूव्हर' हे गाणं बिलबोर्डच्या यादीत 13व्या क्रमांकापर्यंत चढलं.

आज ते गाणं कान देऊन ऐकलं की गंमत कळते. बँडमधल्या ऑगी मायर्सचा ऑर्गन मात्रेवर पडतच नाही. दोन मात्रांच्या मधल्या जागेत तो तुटक सूर ठोकत राहतो. दक्षिण टेक्ससच्या कोन्हुंतो संगीतात हेच काम बाहो सेक्स्तो हे बारा तारांचं वाद्य करतं. त्या संगीतातला अकॉर्डियन आणि पोल्काची चाल जर्मन आणि बोहेमियन वसाहतवाल्यांनी एकोणिसाव्या शतकात टेक्ससात आणली आणि मेक्सिकन वादकांनी ती आपलीशी केली. युरोपातून आलेली पेटी आपल्या भजनात रुळली, तसंच हे. म्हणजे गाण्यात इंग्लंडचं काही असलंच, तर फार तर ऑर्गनवरचं 'व्हॉक्स' हे इंग्लिश नाव. ठेका सगळा सॅन अँटोनिओचा.

बँडचा 'सर डग्लस' म्हणजे गायक डग साम. त्याचा जन्म याच शहरात, 6 नोव्हेंबर 1941 रोजी, जर्मन वंशाच्या घरात झाला. 'लिटल डग' या नावाने तो लहानपणीच स्टील गिटार वाजवू लागला. डिसेंबर 1952 मध्ये ऑस्टिनच्या स्कायलाइन क्लबमध्ये, अकरा वर्षांचा असताना, तो कंट्री गायक हँक विल्यम्सच्या कार्यक्रमात रंगमंचावर होता. दोन आठवड्यांत हँक गेला. 1955 मध्ये डगची पहिली तबकडी निघाली. घराजवळच्या ईस्टवुड कंट्री क्लबमध्ये कृष्णवर्णीय कलावंतांचा ब्लूज रंगायचा, मेक्सिकन वस्तीत कोन्हुंतो वाजायचा. कंट्री, ब्लूज, पोल्का हे त्याला तीन प्रकार कधी वाटलेच नाहीत. हे सगळं त्याच्या गावातच होतं.

गांजाच्या प्रकरणात अटक झाल्यावर त्याने टेक्सस सोडलं आणि कॅलिफोर्निया गाठलं. तिथे 'मेंडोसिनो' हे गाणं झालं. 1969 मध्ये ते अमेरिकेत 27व्या क्रमांकावर गेलं. युरोपने तर ते डोक्यावर घेतलं आणि मिखाएल होल्मने त्याचा जर्मन अवतार लोकप्रिय केला. गाण्यातलं गाव कॅलिफोर्नियातलं, पण ऑर्गन पुन्हा तोच. 1971 च्या अल्बमचं नाव त्याने ठेवलं 'द रिटर्न ऑफ डग साल्दान्या'. आडनाव मेक्सिकन मित्रांनी बहाल केलेलं, आणि मुखपृष्ठावर ओसरीवर बसलेल्या डगच्या हातात टेक्ससचं लाडकं लाल सरबत, बिग रेड.

1973 मध्ये अटलांटिक कंपनीने 'डग साम अँड बँड' हा अल्बम काढला. बॉब डिलन, डॉ. जॉन आणि अकॉर्डियनवर फ्लाको हिमेनेस अशी मंडळी जमली. आरंभीचं सॅन अँटोनिओचं गाणं आजही ताजं वाटतं. मात्र अल्बमभर पाहुण्यांची इतकी वर्दळ आहे की यजमान मधूनच हरवतो. विक्रीही बेताचीच झाली. डगचं दुखणं तेच होतं: दुकानदाराला त्याची तबकडी कुठल्या खणात ठेवावी ते कळत नसे. एका अल्बमात मावणारा तो गडी नव्हता. तोवर तो टेक्ससला परतून ऑस्टिनमध्ये राहू लागला होता. हिप्पी आणि कंट्रीवाले जिथे एकत्र नाचत, त्या 'आर्माडिलो वर्ल्ड हेडक्वार्टर्स'च्या दिवसांत तो त्या शहराचा लाडका झाला.

खरं फळ उशिरा आलं. डग, ऑगी, फ्लाको आणि फ्रेडी फेंडर (मूळ नाव बाल्देमार ह्युएर्ता) या चौघांनी 'टेक्सस टॉर्नेडोज' हा बँड उभा केला. 1990 चा पहिला अल्बम इंग्रजी आणि स्पॅनिश अशा दोन्ही रूपांत निघाला आणि त्यातल्या 'सोय दे सान लुईस'ला ग्रॅमी मिळालं. पंचवीस वर्षांपूर्वी खोट्या नावाआड लपवलेलं गाव आता उघडपणे पोस्टरवर आलं होतं. 1993 मध्ये अंकल टुपेलो या तरुण बँडने डगला आपल्या 'अ‍ॅनोडाइन' अल्बमात गायला बोलावलं.

18 नोव्हेंबर 1999 रोजी न्यू मेक्सिकोतल्या टाओसमध्ये हृदयविकाराने तो गेला. शेवटचा, निखळ कंट्री अल्बम 'द रिटर्न ऑफ वेन डग्लस' मृत्यूनंतर आला. ऑस्टिनमधल्या एका टेकडीला आज त्याचं नाव आहे.

प्रांतिक म्हटलं की आपण मनातल्या मनात 'छोटं' म्हणतो. डग सामला मोठे हिट मोजकेच मिळाले. पण तीन जमातींचं संगीत एका ठेक्यात नांदवणारे त्याच्यासारखे थोडेच. वाचकहो, सुरुवात 'मेंडोसिनो'ने करा, मग टॉर्नेडोज ऐका, आणि शेवटी 1965 च्या त्या 'इंग्लिश' गाण्याकडे परत या. त्यात इंग्लंड कुठे सापडतं का, ते तुम्हीच बघा.