व्हिडिओ पाहिले, पण आठवले किती?

ईदला भिंगारला बहिणीकडे गेलो, तर भाचा कोपऱ्यात तोंड पाडून बसलेला. सिस्कोच्या सीसीएनए परीक्षेत नापास झाला होता. फी ३०० डॉलर, वर कर, म्हणजे पंचवीस हजारांच्या पुढेच. बहिणीने भिशीचे पैसे दिले होते.

"मामू, सगळे व्हिडिओ दोन-दोनदा पाहिले," तो म्हणाला.

मी पुण्यात नेटवर्किंगच्याच कामात आहे. सहज विचारले, "१९२.१६८.१०.७७, स्लॅश २६. कोणत्या नेटवर्कमधला पत्ता?" तो वही शोधू लागला. तिथेच कळले.

हिशेब तसा सोपा आहे. स्लॅश २६ मध्ये ६४-६४ पत्त्यांचे गट पडतात: ०, ६४, १२८, १९२. ७७ हा ६४ च्या गटात. त्या गटातला शेवटचा, १२७, ब्रॉडकास्टचा. पहिला आणि शेवटचा सोडला की उपकरणांना देण्याजोगे ६२ उरतात. कोणी सांगितले की लगेच पटते. पण वही बंद ठेवून अर्ध्या मिनिटात आपले आपण काढणे वेगळे.

त्याच घरात धाकटा भाऊ हिफ्ज करतो. त्याचा दिवस पाहा. नवा सबक, गेल्या काही दिवसांची सबकी आणि जुन्या पाऱ्यांची मंजिल, तिन्ही रोज. कुरआन उस्तादांसमोर उघडा असतो, मुलासमोर नाही. तो नुसता वाचत बसत नाही, आठवून ऐकवतो. अडखळला की चूक तिथल्या तिथे दुरुस्त होते. थोरल्याला मी म्हटले, "पद्धत शिकायला दूर कशाला जातोस?"

संशोधनही हेच सांगते. रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. उतारा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे होते. आठवड्याने मात्र आठवून लिहिण्याचा सराव केलेले पुढे गेले. व्हिडिओ पाहून 'समजले' असे वाटते ना, तो त्या पाच मिनिटांचाच भ्रम.

मग आम्ही वेळापत्रक बदलले. रोज एक नवा विषय, आठवड्यातल्या विषयांचे कोऱ्या कागदावर लेखन आणि एक जुना धडा. २००-३०१ क्रमांकाच्या या परीक्षेत आयपी कनेक्टिव्हिटीला, म्हणजे मुख्यतः राउटिंगला, २५ टक्के वजन आहे आणि ऑटोमेशनला १०. वेळही त्याच मापाने वाटला. सिस्कोचे पॅकेट ट्रेसर फुकट मिळते. त्यात नेटवर्क जोडून थांबायचे नाही. भाच्याने डोळे मिटायचे, धाकट्याने एखादी केबल काढायची किंवा व्हीलॅनचा आकडा बदलायचा, मग थोरल्याने बिघाड शोधायचा. धाकट्याला यात फारच मजा येते!

परीक्षा १२० मिनिटांची, आणि पुढे गेलेला प्रश्न मागे येत नाही. म्हणून सराव घड्याळ लावूनच. 'खरे प्रश्न' म्हणून विकले जाणारे डम्प घेऊ नयेत. ती चोरी आहे, पकडले तर प्रमाणपत्र रद्द होऊ शकते, आणि नोकरीच्या मुलाखतीत समोर राउटर ठेवला की पाठ केलेले 'क' उत्तर काय कामाचे?

परीक्षा घरूनही देता येते. पण खोलीत कोणी आले तर ती तिथेच थांबवली जाऊ शकते. एकत्र कुटुंबात दाराला कडी आणि सगळ्यांना आदल्या दिवशी सूचना हवीच. बहीण म्हणाली, "त्यापेक्षा सेंटरलाच जा."

दुसऱ्यांदा फी अजून भरलेली नाही. दर शुक्रवारी रात्री फोनवर मी दहा पत्ते विचारतो. गेल्या वेळी सात बरोबर आले. दहाच्या दहा, तेही सलग तीन शुक्रवार, आले की तारीख घ्यायची असे ठरले आहे.