कन्सोल किती दूर ठेवता येईल?

बटण दाबलं की पडद्यावरचा गडी उडी मारतो. गेली पन्नास वर्षं घरचा व्हिडिओ गेम असाच चालत आलाय: टीव्हीखाली एक खोका, खोक्यात प्रोसेसर, हातात कंट्रोलर. समजा, हा खोका उचलून शेकडो किलोमीटर दूरच्या डेटा सेंटरमध्ये नेऊन ठेवला. गडी तरीही लगेच उडी मारेल? क्लाउड गेमिंगचा सगळा डाव या प्रश्नावर उभा आहे. आणि याचं उत्तर 'बऱ्याचदा हो' असं आहे, हेच थक्क करणारं आहे.

मधल्या वेळात काय काय घडतं पाहा. बटण दाबल्याची बातमी इंटरनेटवरून डेटा सेंटरला पोहोचते. तिथलं यंत्र उडीचं गणित करतं आणि ऊन-सावल्यांसकट नवं चित्र रंगवतं. त्या चित्राचा व्हिडिओ आवळून, तुकडे करून परत धाडला जातो. घरचा टीव्ही किंवा फोन ते तुकडे जोडून दाखवतो. सेकंदाला ६० चित्रं हवीत, म्हणजे दर १६.७ मिलिसेकंदांना पुढचं चित्र तयार पाहिजे. पापणी एकदा लवते तेवढ्यात सहा चित्रं सहज होऊन जातात.

यातलं आवळण्याचं काम तर अचाट आहे. फुल एचडीच्या एका चित्रात २०,७३,६०० ठिपके असतात आणि प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी २४ बिट लागतात. सेकंदाला ६० चित्रं धरली, तर सुमारे ३ गिगाबिट माहिती झाली. एनव्हिडियाची 'जीफोर्स नाऊ' ही सेवा एवढ्यासाठी सेकंदाला २५ मेगाबिटचं इंटरनेट मागते, म्हणजे मूळ माहितीचा जेमतेम १२० वा हिस्सा. हे जमतं, कारण व्हिडिओ आवळणारा एन्कोडर अख्खं चित्र दर वेळी पाठवतच नाही. मागच्या चित्रातलं आभाळ थोडं डावीकडे सरकलं असेल, तर 'हा चौकोन एवढा सरकवा' इतकंच तो कळवतो.

तुम्ही म्हणाल, सिनेमे पण असेच येतात की मोबाइलवर. येतात, पण सिनेमा आधीच तयार असतो. पुढचं अर्धं मिनिट फोनमध्ये साठवून ठेवता येतं, त्यामुळे नेट मध्येच अडखळलं तरी आपल्याला पत्ता लागत नाही. गेम म्हणजे शाहिरांचा सवाल-जवाब. समोरून सवाल पडल्याशिवाय जवाब रचता येत नाही. तुमचा अंगठा हलेपर्यंत पुढचं चित्र जगात कुठेच नसतं, मग साठवणार काय? वाटेत एखादा तुकडा हरवला, तर तो पुन्हा मागवण्यातही फारसा अर्थ नाही, कारण तो येईपर्यंत खेळ पुढे गेलेला असतो. चित्र मध्येच चौकोनी फुटतं ते त्यामुळे.

या अडचणींवर अभियंत्यांनी उपाय काढले. प्रकाशाच्या वेगावर मात्र उपाय नाही. निर्वात पोकळीत प्रकाश सेकंदाला ३ लाख किलोमीटर जातो. फायबरच्या काचेत हा वेग सुमारे २ लाखांवर येतो, म्हणजे मिलिसेकंदाला २०० किलोमीटर. मुंबईतल्या खेळाडूचं यंत्र नवी मुंबईत असेल, तर हा वेळ नगण्य. चेन्नईत असेल, तर सरळ अंतर हजारेक किलोमीटर, जाऊन-येऊन १० मिलिसेकंद. अमेरिकेत व्हर्जिनियात असेल, तर अंतर १३,००० किलोमीटरच्या आसपास आणि जाऊन-येऊन १३० मिलिसेकंद. खेळाडू जवळजवळ आठ चित्रं मागे पडला! प्रत्यक्षात केबल वळसे घेत जाते, म्हणजे उशीर याहून जास्तच.

आता हेही खरं की, घरच्या कन्सोललाही उशीर होतो. कंट्रोलर, गेम आणि टीव्ही मिळून कित्येकदा ५० ते १०० मिलिसेकंद खातात. त्यात जवळच्या डेटा सेंटरचे १०-२० मिळवले, तर कोडी सोडवणाऱ्याला किंवा गोष्टीत रमणाऱ्याला फरक कळणारही नाही. 'स्ट्रीट फायटर ६' हा मारामारीचा गेम खेळणाऱ्याला मात्र कळेल. तिथले सर्वांत चपळ ठोसे चार फ्रेममध्ये (चार चित्रांत), म्हणजे ६७ मिलिसेकंदांत लागतात.

हा उशीर टाळता येत नसला, तरी लपवता येईल का? त्यासाठी मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०१५ मध्ये 'आउटाटाइम' नावाचा एक भन्नाट प्रयोग मांडला. खेळाडू पुढे काय करू शकेल याचा अंदाज बांधून सर्व्हर अनेक शक्यतांची चित्रं आधीच रंगवतो आणि पाठवून देतो. बटण दाबल्यावर त्यातलं योग्य तेवढं दाखवायचं. युक्ती नामी, पण एका खेळासाठी अनेक भविष्यं रंगवायची, तर डेटा आणि यंत्रबळही तसंच लागणार.

तंत्र चाललं म्हणजे धंदा चालतो असंही नाही. गूगलने नोव्हेंबर २०१९ मध्ये १४ देशांत 'स्टेडिया' नावाचं क्लाउड गेमिंग आणलं; भारत त्यात नव्हता. त्याचा कंट्रोलर टीव्हीला मध्ये न घेता वायफायवरून थेट डेटा सेंटरशी बोलायचा, तेवढाच एक टप्पा वाचे. नेट चांगलं असेल तिथे खेळ उत्तम चालायचा. पण बहुतेक गेम वेगळे विकत घ्यावे लागत आणि ते फक्त तिथेच चालत. हवे तेवढे खेळाडू आलेच नाहीत आणि १८ जानेवारी २०२३ ला स्टेडिया बंद झालं. गूगलने पैसे परत केले, पण घेतलेले गेम गेले ते गेलेच. १९७७ सालच्या अटारी कन्सोलचं कार्ट्रिज मात्र, यंत्र धड असेल तर, आजही चालतं.

प्रकाशाचा वेग गल्ल्यावरही येऊन बसतो. मुंबईत रात्रीचे नऊ वाजले की सगळ्यांनाच खेळायचं असतं. तेव्हा व्हर्जिनियात सकाळ असते आणि तिथली यंत्रं मोकळी असतात. दुसरं काही काम असतं, तर ते तिकडे ढकलता आलं असतं. गेम ढकलता येत नाही. प्रत्येक प्रदेशाला आपापल्या रात्रीच्या गर्दीपुरती यंत्रं आपल्याजवळच बसवावी लागतात, दिवसा ती रिकामी राहिली तरी. जीफोर्स नाऊच्या फुकट खेळणाऱ्यांना रांगेत थांबावं लागतं, ते यंत्रं मोजकी असल्यामुळेच.

मग कन्सोल जाणार का? मायक्रोसॉफ्टच्या क्लाउड सेवेचे सर्व्हर पाहिले, तर तिथे कन्सोलच भेटतो: सुरुवातीला एक्सबॉक्स वन एसचे आणि २०२१ पासून सीरीज एक्सचे भाग, फळ्यांवर ओळीने बसवलेले. महागडा खोका न घेता महिन्यातून दोन-चारदा खेळणाऱ्याला ही सोय कन्सोलची जागा आज घेऊ शकते. स्पर्धेत उतरणाऱ्याला किंवा गेम कायमचा आपल्याकडे हवा असणाऱ्याला नाही. मोबाइल डेटावर अवलंबून असणाऱ्यालाही नाही: २५ मेगाबिटने तासाला ११ जीबीहून जास्त डेटा जातो, रोजचं २ जीबीचं पॅक अकरा मिनिटांत संपेल.

आपल्याला जमेल का हे तपासायचं असेल, तर जाहिरातीतल्या स्पीडवर थांबू नका. ज्या सेवेवर खेळायचं, तिच्या सर्व्हरपर्यंतचा पिंग, म्हणजे जाऊन-येऊन लागणारा वेळ, बघा. स्पीड सांगतो चित्र किती सुबक दिसेल ते. पिंग सांगतो तुमचा कन्सोल तुमच्यापासून किती दूर आहे ते.