रिमच्या पोटातली खोबण

‘पंक्चर काढून मिळेल’ ही पाटी महाराष्ट्रात कुठल्याही फाट्यावर सापडते, त्यामुळे मोटरसायकलचा टायर घरी बदलायची वेळ आपल्यावर सहसा येत नाही. तरीही हे काम एकदा तरी स्वतःच्या हातानं करावं, असं मला मनापासून वाटतं. चाक उघडल्याशिवाय आपण कशाच्या भरवशावर घाट उतरतो ते कळत नाही.

उदाहरणाला स्प्लेंडर घेऊ. १९९४ पासून रस्त्यावर असलेली गाडी. तीही तारांच्या चाकांची: १८ इंची रिम, आत ट्यूब. गाडी डबल स्टँडवर लावायची, ब्रेकचा रॉड आणि टॉर्क आर्म सोडवायचा, एक्सलचा नट काढून एक्सल ओढून घ्यायचा, की मागचं चाक मोकळं होतं. चेनला हात लावावा लागत नाही. स्प्रॉकेट जागेवर राहतो आणि चाक रबरी ठोकळ्यांवरून सुटून बाहेर येतं. वायसर आणि बुश ज्या क्रमानं निघाले त्याच क्रमानं कागदावर मांडून ठेवावेत. इथवर सगळं पान्याचं काम आहे, कसब पुढे लागतं.

टायरची कड, म्हणजे बीड, पोलादी तारांच्या वेढ्यावर रबर चढवून केलेली असते. ती ताणली जात नाही, जाऊही नये. तिच्यामुळेच तर टायर रिमवर टिकतो. मग रिमच्या काठापेक्षा लहान असलेली ही कड त्या काठावरून बाहेर येते कशी? त्याचं उत्तर रिमच्या पोटात आहे. रिम मध्यभागी खोल असते. इंग्लंडमधल्या चार्ल्स किंग्स्टन वेल्च यानं १८९० मध्ये तारेच्या कडेचा टायर आणि अशी खोबणीची रिम यांचं पेटंट घेतलं, आणि आजही आपली चाकं त्याच युक्तीवर चालतात. कडेची एक बाजू खोबणीत पूर्ण उतरवली की समोरच्या बाजूला तेवढी ढील मिळते आणि टायरपट्टी कड सहज उचलते. नवखा माणूस हे न बघता पट्टीवर जोर लावतो. मग रिम वाकते, ट्यूब फाटते. पट्टी जड लागली की थांबावं आणि समोरची बाजू गुडघ्यानं दाबून पुन्हा खोबणीत घालावी. ती वर सरकलेली असते, जवळजवळ नेहमीच.

अर्थात त्याआधी व्हॉल्व्हची पिन काढून सगळी हवा सोडायची आणि रिमला चिकटलेली कड टाचेनं दाबून सुटी करायची. ट्यूबच्या टायरला एवढं पुरतं. ट्यूबलेसच्या अलॉय चाकाला कड घसरू नये म्हणून आतून उंचवटा दिलेला असतो आणि तो ओलांडायला फार ताकद लागते. काही जण चाक जमिनीवर आडवं ठेवून दुसऱ्या गाडीच्या साइड स्टँडनं कड दाबतात. जुगाड चालतो, पण रिमला ओरखडे पडतात, शिवाय नवा टायर बसवताना कॉम्प्रेसरच्या हवेचा एकदम झोत लागतो. ट्यूबलेस टायर दुकानातल्या यंत्रावरच द्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

टायर निघाला की घाई करू नये. बेअरिंगमध्ये बोट घालून फिरवावं. खरखर लागली तर ते बदलायची हीच वेळ. रिमपट्टी सरकून एखाद्या तारेचं टोक उघडं पडलंय का, तेही बघावं. ज्याचं कारण सापडत नाही असं पंक्चर बऱ्याचदा तिथूनच होतं.

नव्या टायरवर चार आकडी खूण असते: २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. दुकानातून घेतानाच ती वाचावी. बाण चाक फिरण्याच्या दिशेनं ठेवावा आणि पिवळा ठिपका असेल तर तो व्हॉल्व्हजवळ आणावा, कारण टायर तिथे सर्वांत हलका असतो. ट्यूबला शंखजिऱ्याची पूड चोळून, आकार येईल इतपतच हवा भरून ती आत घालायची. कडेला साबणाचं पाणी लावून व्हॉल्व्हच्या समोरून सुरुवात करायची आणि शेवट व्हॉल्व्हपाशी करायचा. शेवटची वीतभर कड चढवताना पट्टी थोडीथोडीच घालावी, ट्यूब चिमटते ती इथेच. हवा भरल्यावर टायरच्या काठालगतची बारीक रेघ रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे.

राहिलं बॅलन्सिंग. लहान गाड्यांचं चाक बॅलन्स करायची पद्धत आपल्याकडे जवळजवळ नाहीच, आणि मला ते फार खटकतं. ताशी ८० किलोमीटरला स्प्लेंडरचं चाक सेकंदाला जवळजवळ बारा फेरे घेतं. रिमच्या एका बाजूला २० ग्रॅम जास्त असतील तर त्या वेगाला ते चाकाला सुमारे अडीच किलोच्या जोरानं बाहेर ओढतात आणि ही ओढ चाकाबरोबर गरगर फिरत राहते. वेग निम्मा केला की ओढ चौथाईवर येते. म्हणून गावात गुमान चालणारी गाडी हायवेवर हँडल थरथरवते.

मोटरसायकलचं चाक अरुंद असतं, त्यामुळे त्याला गुरुत्वाकर्षणाचा तराजू पुरतो. एक्सल चाकात घालून त्याची दोन्ही टोकं समपातळीत टेकवायची आणि चाक हलकेच फिरवून सोडायचं. डुलत डुलत ते थांबतं तेव्हा जड बाजू खाली आलेली असते. वर नेमक्या समोर खडूची खूण करून पाच ग्रॅमचं चिकट वजन लावायचं आणि पुन्हा सोडायचं. तारांच्या चाकाला सोल्डरची तार आरीभोवती गुंडाळली तरी चालते. हव्या त्या जागी सोडलेलं चाक तिथेच थांबलं की झालं. बेअरिंगच्या सीलचं घर्षण बारीक फरक लपवतं, म्हणून एक्सल गुळगुळीत बेअरिंगांवर फिरेल अशी घोडी काही हौशी लोक वेल्डरकडून करून घेतात. पुढचं चाक आधी करावं, कारण थरथर हाताला कळते ती त्याची.

नव्या टायरबरोबर ट्यूबही नवीच घाला. पहिले शे-दीडशे किलोमीटर रबराचा पृष्ठभाग निसरडा असतो, तेव्हा वळणावर गाडी फार झुकवू नका, पावसात तर मुळीच नको. आणि दुसऱ्या दिवशी निघण्याआधी एक्सलच्या नटाला एकदा पाना लावून बघा.