गंजीच्या पोटातील ताप

माझ्या लहानपणी मामांच्या खळ्यावरची गवताची गंजी एका पहाटे पेटली. रचून जेमतेम तीन आठवडे झाले होते. जवळपास चूल नव्हती, विडी ओढणारे कोणी नव्हते. साहजिकच 'कोणीतरी काडी लावली' असे सर्वांनी ठरवून टाकले आणि ज्या शेजाऱ्यावर संशय होता त्या घराशी येणेजाणे बंद झाले. पुढे पदार्थविज्ञान शिकू लागल्यावर मला वाटू लागले की, काडी कोणीच लावली नसावी. परतीच्या पावसाची सर येऊन गेल्यावर मामांनी ते गवत पुरते न वाळवता घाईने रचले होते.

कापलेले गवत लगेच मरत नाही. पेशींचा श्वसनोद्योग चालूच असतो. साखर जळते, उष्णता व पाण्याची वाफ बाहेर पडते. पेशी मेल्या की जिवाणू आणि बुरशी तेच काम पुढे चालवितात. पसरलेल्या गवतातून ही उष्णता वाऱ्यावर निघून जाते, पण गंजीचे तसे नाही. तिची लांबी, रुंदी, उंची दुप्पट करा. उष्णता निर्माण करणारे घनफळ आठपट होते, ती बाहेर टाकणारा पृष्ठभाग मात्र चौपटच! शिवाय काड्यांमध्ये अडकलेली हवा गोधडीसारखी ऊब धरून ठेवते. तापमान ७० अंश सेल्सिअसच्या आसपास गेले की बहुतेक जंतू स्वतःच मरतात. पण तोवर हवेतील ऑक्सिजनशी सरळ रासायनिक क्रिया सुरू झालेली असू शकते, आणि तिला जंतूंची गरज नसते. अशी तापलेली गंजी कोणी उपसली, तर आत ताजी हवा शिरून ज्वाळा उठतात. म्हणून गंजीतून जळका वास आला तर तिच्यावर चढू नका, ती उपसू नका. अग्निशामक दलाला बोलवा.

आग लागणे तसे विरळाच. नेहमीचे नुकसान निराळे. फार तापलेले गवत तपकिरी होते, त्याला तंबाखूसारखा किंवा करपलेल्या साखरेसारखा वास येतो. त्यातील प्रथिने साखरेशी जखडली जातात व जनावराला पचत नाहीत. गंमत अशी, की गुरे ते गोड वासामुळे आवडीने खातात! तेव्हा 'जनावर खाते म्हणजे गवत चांगले' ही परीक्षा खरी नव्हे.

बुरशी लागलेले गवत घोड्याला गायीपेक्षाही अधिक बाधते. घोडा तोंडाने श्वास घेत नाही, केवळ नाकाने घेतो; चाऱ्यातील धूळ व बुरशीचे बीजाणू थेट फुफ्फुसात जातात आणि खोकला जडतो. त्याला ओकताही येत नाही, त्यामुळे पोटात गेलेले वाईट परत फिरत नाही. घरी ससा पाळणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे. सशाचे दात जन्मभर वाढतात, ते झिजण्यासाठी त्याला रोज वाळले गवत हवेच, आणि तेही स्वच्छ.

मग विकत घेताना पाहायचे काय? भारा सोडायला सांगा आणि हात थेट मध्यभागी घाला. वरचे गवत उन्हाने पिवळे पडलेले असेल तर बिघडत नाही. आत हिरवटपणा हवा. हाताला ऊब किंवा दमटपणा लागला, झटकल्यावर पांढरी धूळ उडाली, कुबट वास आला, तर भारा परत करा. दाणा धरून गळून गेलेले गवत म्हणजे नुसत्या कडक काड्या. कुसळी गवत तर कुसळे येण्यापूर्वीच कापलेले हवे, नाहीतर ती जनावराच्या तोंडात रुततात. हे कुसळ ओले झाले की पीळ सोडते, वाळले की पुन्हा पिळते, म्हणजे आयते आर्द्रतामापकच! रानटी ओटच्या अशाच कुसळाचे आर्द्रतादर्शक रॉबर्ट हूकने केले होते. त्याचे वर्णन त्याच्या १६६५ सालच्या 'मायक्रोग्राफिया' या ग्रंथात आहे.

एक प्रयोग तुम्हीच करा. कोरड्या काचेच्या बरणीत पाव भागापर्यंत बारीक कापलेले गवत घ्या. तव्यावर भाजून कोरडे केलेले व गार झालेले मीठ चमचाभर घाला, झाकण घट्ट लावा आणि दोन-तीन मिनिटे हलवा. मिठाचे खडे चिकटू लागले तर गवतात ढोबळमानाने १५ ते १८ टक्क्यांहून अधिक पाणी आहे. कारण सोपे आहे. हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर गेली की मीठ पाणी शोषून पाझरू लागते. बरणीतील ओलसर गवत आपल्याभोवतीची हवा तितकी दमट करते आणि बुरशीलाही साधारण तेवढीच दमट हवा मानवते. मात्र हा प्रयोग भर पावसाळ्यात करू नका. तेव्हा मीठ गवतावाचूनच पाझरते.

गणिताच्या शिक्षकांसाठी एक उदाहरण. २५ टक्के ओलाव्याच्या १०० किलो गवतात कोरडा चारा ७५ किलो. १२ टक्के ओलाव्याच्या गवतात तो ८८ किलो. दोन्हींचा भाव किलोला सारखाच असेल, तर पहिल्या भाऱ्यात १३ किलो जादा पाणी चाऱ्याच्या भावाने घेतले. साधारण ३०० किलो वजनाच्या घोड्याला दिवसाला सुमारे ५ ते ६ किलो कोरडा चारा लागतो. ही तूट त्याला किती दिवस पुरली असती, ते काढा.